चौतीस नंबरच्या रिंगा

मित्रांनो, मी एक जुना खांब होतो. 'होतो' म्हणतो, कारण आता माझी खडी झाली आहे. सॅन फ्रान्सिस्को शहरातून कॅरिगन पुलावर चढणारा जो उंच रस्ता आहे, त्याला सगळे 'चढण' म्हणतात. ती चढण आम्ही चौतीस खांबांनी डोक्यावर धरली होती. माझा नंबर चौतीस. पुलावरून आलेल्या गाड्या शहरात उतरवणारे एक वळण होते, त्याच्या अगदी टोकाला मी उभा होतो. खांब जागचा हलत नाही. म्हणून जे माझ्या पायाशी बोलले गेले आणि माझ्या डोक्यावर आदळले, तेवढेच मी सांगू शकतो. पण तेही काही थोडे नाही.

माझा जन्म मारहाणीतून झाला. आधी जमिनीत लोखंडी खुंट ठोकले. वाफेचा घण सकाळी सातला सुरू व्हायचा आणि आसपासच्या घरांतल्या फळ्यांवरच्या कपबशा खाली यायच्या. बायका खिडक्या उघडून शिव्या घालायच्या, माणसे खालून हात हलवायची, आणि घण आपला दाणदाण पडत राहायचा. त्या खुंटांवर पाया भरला आणि पायावर माझा पिंजरा उभा केला. मनगटाएवढ्या जाड उभ्या सळ्या, आणि त्यांना बाहेरून कवळणाऱ्या आडव्या रिंगा.

या रिंगांचे काम नीट समजून घ्या. गाड्यांचे ओझे काँक्रीट आणि उभ्या सळ्या पेलतात. रिंगा एरवी काहीच करत नाहीत. वर्षानुवर्षे आत बसून राहतात आणि फुकटच्या वाटतात. पण जमीन हलली की आतले काँक्रीट फुटून बाहेर पडू बघते. त्या वेळी त्याला धरून ठेवायला रिंगांशिवाय कुणी नसते. आमच्या नकाशात स्पष्ट लिहिले होते की दर वितीवर एक रिंग बांधायची.

मला बांधणाऱ्या टोळीचा मुकादम होता ऑगस्टिन तावारेस. सगळे त्याला गस म्हणायचे. वय एकतीस, पोर्तुगालच्या अझोर बेटांवरून आलेल्या कोळ्याचा मुलगा, हात असे की बांधायची तार नुसत्या बोटांनी पिळायचा. त्याचा जोडीदार ओवेन मलार्की. हा आयरिश, तांबड्या केसांचा आणि तोंडाने फाटका. त्याला सगळे मॅल म्हणायचे.

त्या काळी लोखंड बांधणाऱ्या लोकांची एक रीत होती. एका कामावर दोन टोळ्या असल्या, की जी टोळी आधी संपवेल तिने क्रेनच्या शेंड्याला झाडू बांधायचा. झाडू म्हणजे आम्ही मैदान साफ केले. हरलेल्या टोळीला काम संपेपर्यंत रोज त्या झाडूखालून मान खाली घालून जावे लागे. खाडीकडचे पहिले अकरा खांब स्वीडिश टोळीकडे होते. ते उंच होते आणि अवघड होते. बारा ते चौतीस गसच्या टोळीकडे होते. स्वीडिश लोक सावकाश आणि चोख काम करायचे, तरी त्यांचे चार खांब झाले तेव्हा गसचे तीनच झाले होते. पैज हातातून जाणार असे दिसू लागले.

"रिंगांत जीव घालवतोय आपण," मॅल एके दिवशी म्हणाला. "अरे, पिंजरा उचलताना वाकडा होऊ नये एवढ्यासाठी असतात त्या. एकदा काँक्रीट पडलं की त्यांना कोण विचारतो?"

"तपासनीस विचारतो," गस म्हणाला.

"तो उभ्या सळ्या मोजतो आणि डबा उघडून बसतो. रिंगा मोजताना बघितलंयस त्याला कधी?"

गसने थोडा वेळ तारेशी चाळा केला. मग म्हणाला, "बरं. हातावर एक बांधा."

एक हात म्हणजे दोन विती. पंधरा नंबरच्या खांबापासून निम्म्या रिंगा गेल्या आणि काम सुसाट सुटले. ही सगळी हकीकत मला पुढे त्यांच्याच तोंडून कळली. त्यांना वाईट करायचे नव्हते, हेही सांगतो. रिंगा बिनकामाच्या आहेत असे त्यांना खरोखर वाटत होते. त्या काळात भल्याभल्यांना तसे वाटायचे. पण वाचलेल्या रिंगांचे करायचे काय? त्या परत पाठवल्या तर उरल्या कशा, हे कोठारवाला विचारणार. म्हणून प्रत्येक खांबाच्या काही रिंगा पुढच्या एखाद्या खांबाच्या पायाच्या खड्ड्यात टाकून वरून काँक्रीट ओतायचे, आणि उरलेल्या ढिगात मिसळून पुढे न्यायच्या. असे करत करत तो ढीग माझ्यापर्यंत आला. चौतीसच्या पुढे खांबच नव्हता.

"घाला सगळ्या याच्यातच," गस म्हणाला.

अशा माझ्या अंगात चार-चार बोटांवर रिंगा बसल्या. तपासनीस आला, त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि टोपी मागे सारली. "गस, इतका घट्ट पिंजरा मी जन्मात पाहिला नाही," तो म्हणाला. "याला म्हणतात काम!" गस लाल झाला. मॅल दुसरीकडे बघून खोकला. आणि मी, मित्रांनो, मी मूर्खासारखा फुगलो. मला वाटले, मी काहीतरी खास आहे. त्याच दुपारी क्रेनच्या शेंड्यावर झाडू चढला.

त्यानंतर तेहेतीस वर्षे मी काम केले. सुरुवातीला गाड्या मोजक्या होत्या. पुढे रात्रंदिवस रांगा लागल्या. वजनदार ट्रक उतरायचे तेव्हा पायातली माती दबायची. एकदा एका दारुड्याने मालाचा ट्रक सरळ माझ्या पोटावर घातला. त्याच्या गाडीचा चुरा झाला, माझे नुसते खरचटले. खाऱ्या हवेने वर भेगा पडल्या, कबुतरांनी डोके घाण केले, पोरांनी अंगावर रंगाने नावे लिहिली. रस्ते खात्याची माणसे पाच-सात वर्षांनी यायची, भेगेत चिखलासारखे काहीतरी भरायची आणि जायची.

पण गस यायचा. रविवारी चर्चहून परतताना तो आपल्या मुलीला घेऊन यायचा. तिचे नाव डेल्फिना. माझ्या पायाशी बसून दोघे लिंग्विसाचे, म्हणजे लसूण घातलेल्या सॉसेजचे पाव खायचे. ती माझ्यावर चेंडू मारून झेलत बसायची. गस उठताना मला दोनदा थोपटायचा.

"हा तू बांधलास ना, बाबा?" तिने एकदा विचारले.

"हो. हा माझा."

"आणि तो शेजारचा?"

"तोही आम्हीच."

"मग त्याला का नाही थोपटत?"

"पाव खा गपचूप," गस म्हणाला.

डेल्फिना मोठी झाली आणि शहराची बस चालवू लागली. तिचा मार्ग याच चढणीवरून जायचा. तिने कॉर्नेल नावाच्या माणसाशी लग्न केले. तो बेकरीच्या पावाची गाडी चालवायचा. उंच, काळा, सतत काहीतरी गुणगुणणारा. माझ्यावरून उतरताना तो रोज दोनदा भोंगा वाजवायचा. गसने त्याला सांगितले होते की हा सासऱ्याचा खांब आहे, त्याला नमस्कार केल्याशिवाय जायचे नाही.

मग ती ऑक्टोबरची संध्याकाळ आली. पाच वाजून गेले होते. खाडीच्या दोन्ही काठांच्या संघांत बेसबॉलचा सामना सुरू व्हायचा होता, म्हणून बरेच लोक लवकर घरी गेले होते. नाहीतर काय झाले असते, याचा विचार मी करत नाही.

पहिला धक्का खालून आला. जमिनीने मला चेंडूसारखे वर फेकले आणि झेलले. मग ती आडवी ओढू लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे, जणू कुणी माझ्या पायाखालची सतरंजी धरून झटकत होते. डोक्यावरचा रस्ता एकीकडे जायचा, पाय दुसरीकडे. माझ्या अंगातले काँक्रीट कडाकडा फुटू लागले. बाहेरचा थर सोलून निघाला आणि ढलप्या खालच्या मोटारींवर पडल्या. आतला गाभा बाहेर पडायला धडपडत होता. रिंगांनी दातओठ खाऊन त्याला धरले. एकेक रिंग ताणली गेली, पण सुटली एकही नाही.

आणि मग वरच्या रस्त्यातून एक हिसका आला. तसा हिसका मी पूर्वी कधी अनुभवला नव्हता. दूर कुठेतरी कुणीतरी हात सोडला होता. सतरा नंबरचा खांब मधोमध फुटला. त्याच्या उभ्या सळ्या छत्रीच्या काड्यांसारख्या बाहेर वाकल्या, गाभा सांडला आणि त्याच्या डोक्यावरचे दोन गाळे, म्हणजे खांबाखांबांमधले रस्त्याचे तुकडे, खाली कोसळले. तो आवाज रस्त्याच्या हाडाहाडातून माझ्यापर्यंत आला. मागून गाड्या येतच होत्या. त्या एकामागून एक त्या खड्ड्यात पडत होत्या आणि प्रत्येकीचा दणका मला वेगळा कळत होता. पंधरा सेकंदांत सगळे संपले. मग भोंगे सुरू झाले. एक भोंगा अडकला होता, तो अंधार पडेपर्यंत वाजत राहिला.

आमच्या चढणीवर सात माणसे गेली. त्यांत कॉर्नेल होता.

पडलेले गाळे उचलून चढणीवर लोखंडी टेकू लावले आणि दोन महिन्यांत रहदारी पुन्हा सुरू केली. शहराला थांबता येत नव्हते. फक्त माझे वळण कायमचे बंद झाले. आता प्रश्न असा होता की पुढे काय? सगळी चढण पाडून नवी बांधायची, की असलेल्या खांबांना पोलादी पत्र्याची वेष्टणे घालून भागवायचे? नवी बांधायची तर चालू रहदारीत, अर्धी-अर्धी करून, पाच वर्षांचा जाच. खात्याच्या मोठ्या साहेबांना ते नको होते.

जून इनाबा नावाची एक इंजिनीअर बाई होती. बुटकी, चष्म्याची, डोक्यावर तिला मोठे होणारे हेल्मेट. ती म्हणाली, एक खांब मोडून बघू, मग कळेल बाकीच्यांत किती दम आहे. चालू रस्त्याखालचा खांब मोडता येत नव्हता. माझे वळण बंद होते. म्हणून मोडायला माझी निवड झाली.

त्यांनी करवतीने रस्ता कापून मला इतरांपासून तोडले. दोन्ही बाजूंना पोलादाचे मनोरे उभे केले, त्यांत जॅक बसवले आणि मला ढकलायला सुरुवात केली. आधी दोन बोटे इकडे, दोन बोटे तिकडे. मग वीतभर. मग त्याहून जास्त. भूकंप पंधरा सेकंदांत संपला होता. हे लोक दिवसभर करत होते. माझी कातडी गेली, उभ्या सळ्या उघड्या पडल्या, धूळ उडून सगळ्यांच्या तोंडात गेली. चौथ्या दिवशी एका जॅकचे तेल फुटून पिचकारी उडाली. मी उभाच होतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी हेल्मेट काढून हवेत फेकले.

"बघितलंस, जून? जॅक मेला, खांब मेला नाही!"

"एका खांबावरून चौतिसांचं कसं ठरवायचं, सर? सतरा तर पडला."

"सतराखालची माती भुसभुशीत होती. नकाशा एकच आहे, बाई. तपासनिसाची सही चौतिसांवरही आहे. पत्रे गुंडाळू आणि मोकळे होऊ."

'घाला सगळ्या याच्यातच' याचा अर्थ सतरा फुटला तेव्हाच मला उमगला होता, आणि आता मला ओरडायचे होते. माझ्याकडे बघू नका, तेहेतीसकडे बघा! मी ज्या जिवावर उभा आहे तो माझा नाही. पण खांबाला तोंड नसते. तेहेतीस वर्षे जे कौतुक मी अंगावर मिरवले होते, तेच आता बाकीच्यांवरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या जिवावर उठले होते. माझी मलाच घृणा वाटू लागली.

त्या संध्याकाळी डेल्फिना आली. अंगावर बसचा गणवेश, मागे काठी टेकत गस. तो आता पासष्ट वर्षांचा होता. तिने माझ्या सोललेल्या अंगावर हात ठेवला.

"बाबा, तुझा खांब उभा राहिला रे," ती म्हणाली. "कॉर्नेल इथवर पोचला असता तर वाचला असता."

गसने मला थोपटले नाही. तो माझ्या पायाशी मटकन बसला.

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

"नाही. चल घरी."

"उद्यापासून माझी गाडी परत याच मार्गावर लावणारेत. साहेब म्हणतात, आता काही भीती नाही."

 मुलीच्या खांद्याला धरून गस कसाबसा उठला.

दुसऱ्या दिवशी तो मॅलला घेऊन आला. मॅलचे तांबडे केस पांढरे झाले होते, तोंड मात्र तसेच होते.

"मी त्या बाईला सांगणार आहे," गस म्हणाला.

"काय सांगणार आहेस?"

"सगळं. पंधरापासून तेहेतीसपर्यंत निम्म्या रिंगा आहेत. चौतीसमध्ये चोरीच्या आहेत."

"तुझं डोकं फिरलंय, गस! टोळीची गोष्ट टोळीत राहते. आपल्यातले चौघं मातीखाली गेलेत. त्यांच्या पोरांना काय सांगशील? तुमचा बाप खुनी होता?"

"आपल्याला माहीत नव्हतं तोवर नव्हता. आता माहीत आहे."

"आणि डेल्फी?" मॅल त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला. "तिला काय सांगशील? कॉर्नेलला मी मारला?"

"हो," गस म्हणाला. "तेच."

मॅलने ठोसा मारला. म्हाताऱ्याचा ठोसा, पण लोखंड वाकवलेल्या हाताचा. गसचे डोके माझ्यावर आपटले आणि तोंडातून रक्त आले. तो उठू लागला तसा मॅलने त्याला पुन्हा खाली पाडले. छातीवर गुडघा दिला, गळपट्टी धरली आणि "बोलू नकोस, बोलू नकोस" म्हणत त्याला जमिनीवर आपटत राहिला. गसने सुटायचा प्रयत्न केला नाही. शेवटी मॅलच दमला. तो बाजूला बसला आणि धापा टाकू लागला.

"दात पडला का?" त्याने थोड्या वेळाने विचारले.

"दोन."

"बघ सापडतायत का." मॅलने खिशातला रुमाल काढून त्याच्याकडे फेकला. "माझं नाव नको घेऊस, गस. बाकी काय करायचं ते कर."

"नाही घेणार. मुकादम मी होतो."

गुरुवारी दुपारी गस इनाबा बाईसमोर उभा राहिला. ओठ सुजलेला, बोलताना तोंडातून हवा जात होती. डेल्फिनाला त्याने मुद्दाम बोलावून घेतले होते. बस खालच्या थांब्यावर उभी करून ती आली होती आणि सारखी घड्याळ बघत होती.

"दहा मिनिटं आहेत माझ्याकडे, बाबा. तोंडाला काय झालंय तुझ्या?"

"ऐक आधी. तुझ्यासमोरच सांगायचंय."

त्याने खिशातून खडू काढला. माझ्या अंगाच्या न फुटलेल्या बाजूवर त्याने आडव्या रेघा मारल्या, चार बोटांवर एक. मग काठी टेकत तो तेहेतीसकडे गेला आणि त्याच्यावर रेघा मारल्या, हातावर एक.  इनाबा बाईने मजुराकडे पाहून मान हलवली. त्याने हातातले फोडयंत्र माझ्यावर धरले. जिथे रेघ होती तिथे रिंग निघाली. प्रत्येक रेघेखाली. मग त्याने तेहेतीस फोडला. एक रिंग निघाली. त्याने खाली खाली फोडत नेले. बराच वेळ नुसते काँक्रीट निघत राहिले, मग दुसरी.

गसने मग सांगितले. झाडू, पैज, पायात गाडलेल्या रिंगा, सगळे. एकदाही 'आम्ही' म्हणाला नाही, प्रत्येक वाक्यात 'मी' म्हणाला.

"सतरा?" डेल्फिनाने विचारले.

"सतराही माझाच."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तो पडला त्या संध्याकाळपासून. टीव्हीवर त्याच्या सळ्या दिसल्या. मध्ये रिंगाच नव्हत्या."

"म्हणजे चर्चमध्ये कॉर्नेलच्या पेटीशेजारी तू माझा हात धरून उभा होतास, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

तिने त्याची काठी हिसकावून घेतली आणि माझ्यावर घातली. एकदा, दोनदा, पाच वेळा, काठीचे दोन तुकडे होईपर्यंत. मग हातातला तुकडा टाकून ती निघून गेली. तिने बस सुरू केली नाही. चावी काढून घेतली, उतारूंना खाली उतरवले आणि सांगितले की ही गाडी वर जाणार नाही, दुसरीही जाऊ देणार नाही. तासाभरात तिच्या मागे नऊ बस उभ्या राहिल्या. त्या दिवशी चढणीवर एकही बस चढली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. साहेब स्वतः येऊन चालकांवर ओरडले. एका चालकाने त्यांना विचारले, "साहेब, तुम्ही येता का पुढच्या सीटवर बसायला?" साहेब गेले ते परत आले नाहीत.

चढण बंद करून तेहेतीसलाही जॅक लावले. मी चार दिवस टिकलो होतो, तो पाऊण तास टिकला नाही. तिसऱ्या धक्क्याला त्याचे पोट फुटले. सुटलेली एक रिंग गोळीसारखी येऊन लाकडी फळीत घुसली. सळ्या वाकल्या, गाभा भसाभसा सांडला आणि तो गुडघ्यांवर बसला. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इनाबा बाईने चष्मा काढून पुसला आणि ती म्हणाली, "पाडा. सगळी."

मग पाच वर्षे मारझोड चालली. अर्धा रस्ता जादा टेकूंवर चालू, अर्धा पाडायचा. गाड्या एका बाजूला ढकलायच्या, दुसरी बाजू फोडायची, तिथे नवे खांब उभारायचे आणि गाड्या त्यांच्यावर न्यायच्या. वाहनचालक शिव्या घालायचे, वर्तमानपत्रे ओरडायची, शेजारची घरे धुळीने पांढरी झाली. नव्या खांबांत तीन-तीन बोटांवर रिंगा होत्या, आणि प्रत्येक पिंजऱ्यापाशी एक माणूस डोळ्यांत तेल घालून त्या मोजत बसायचा. माझे भाऊ एकेक करून गेले. ब्रेकर नावाच्या मोठ्या फोडयंत्राचे दोन-चार तडाखे बसले की ते जायचे. त्यांना पडताना मी पाहिले. माझ्या वाटणीचे दुखणे ते तेहेतीस वर्षे भोगत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

गस रोज यायचा. नवी काठी, जुना कोट. कुंपणाबाहेर एकटा उभा राहायचा. खात्याने त्याच्यावर खटला भरायचे मनात आणले होते, पण इतक्या वर्षांनी ते टिकणार नाही असे वकील म्हणाले. युनियनच्या सभागृहातल्या भिंतीवरून त्याचा फोटो उतरवला गेला. मॅल एकदा येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला आणि गेला. डेल्फिना कधी आली नाही.

शेवटी माझी पाळी आली. मला सहज मरण आले नाही. ब्रेकरची तीन टोके माझ्यावर मोडली. चौथे आले. तो लोखंडी चोच मारायचा, मी एक ढलपी द्यायचो. दोन दिवस हे चालले. आता कुणी कौतुक करत नव्हते. यंत्र चालवणारा दात खाऊन म्हणाला, "काय भरलंय याच्यात, साला!" तिसऱ्या दिवशी दुपारी माझा गाभा फुटला आणि मी पडलो. लोखंड वेगळे करून त्यांनी एका बाजूला रास रचली. वाकलेल्या, ताणलेल्या, गंजलेल्या माझ्या रिंगा.

मित्रांनो, एक मागणे मागतो. तुम्ही मोठे व्हाल, काहीतरी बांधाल. कुणी तुमची पाठ थोपटली, तर घरी जाण्याआधी एकदा शेजारच्या खांबाकडे बघा. त्याच्या वाट्याचे काही तुमच्यात तर आले नाही ना, ते तपासा. आणि आले असेल तर वेळेवर बोला. माझ्या मुकादमाने सांगितले, पण सात माणसे गेल्यावर सांगितले.

मी पडलो त्या दुपारी डेल्फिना आली. गणवेशातच होती. नव्या चढणीवर तिच्या मार्गाची पहिली बस त्याच दिवशी जायची होती आणि ती तीच चालवणार होती. कुंपणाचे दार उघडे होते. गस आत येऊन राशीपाशी उभा होता. त्याच्याकडे न बघता ती राशीशी येऊन थांबली. यंत्र चालवणाऱ्याने इंजिन बंद केले.

ती बापाशी लहानपणापासून अरेतुरे करायची. त्या दिवशी नाही केले.

"यातल्या सतराच्या रिंगा कोणत्या?" तिने विचारले.

गसने रास पाहिली. त्याचे ओठ हलले.

"सांगता येत नाही, पोरी."

"मग शोधा," ती म्हणाली.

गसने काठी खाली ठेवली. हाताला धरायला काही नव्हते म्हणून तो आधी एका गुडघ्यावर आला, मग दुसऱ्या. आणि एकेक रिंग उचलून तो बघू लागला.